शोभेची आक्रमक झाडे आणि शेजारधर्म : ठाणे-नवी मुंबईतील रहिवाशांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर मार्गावरील आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे येऊरचे जंगल सुरू होते. सोसायटीच्या बागेचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे झाडांविषयीचे प्रश्न लिफ्टपासून वार्षिक सभेपर्यंत कुठेही समोर येतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

परदेशी झाड म्हणजेच आक्रमक झाड का?

नाही, आणि हा गोंधळ सुरुवातीलाच दूर केलेला बरा. चिंच मूळची आफ्रिकेतली, चिकू आणि पेरू अमेरिकेतून आलेले; तरीही त्यांनी आपल्या डोंगरांवर कब्जा केल्याचे कोणी म्हणत नाही. माणसाने लावलेल्या जागेबाहेर जे झाड कोणाच्याही मदतीशिवाय उगवते, तेथे आपली वंशवेल वाढवते आणि मूळच्या झाडाझुडपांची जागा घेऊ लागते, त्याला आक्रमक म्हणतात. जैवविविधतेचा जागतिक आढावा घेणाऱ्या आंतरसरकारी मंचाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० हून अधिक जीवजाती नव्या ठिकाणी स्थिरावल्या आहेत आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक जाती अपायकारक ठरल्या आहेत. म्हणजे बहुतेक पाहुणे निमूटपणे राहतात. जे थोडे राहत नाहीत, त्यांचा हा प्रश्न आहे.

आपल्या भागात नेमक्या कोणत्या झाडांविषयी सावध राहावे?

पहिला क्रमांक निःसंशय सुबाभळीचा. ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. १९७० आणि १९८० च्या दशकांत चारा, जळण आणि झटपट हिरवाई यांसाठी तिचा देशभर पुरस्कार झाला, आणि पांढऱ्या गोंड्यांमुळे ती बागांच्या कडेलाही लावली गेली. आज मोकळा भूखंड, रेल्वेमार्गाची कड, नाल्याचा काठ, खाडीचा बांध, कुठेही पाहिले तरी तपकिरी चपट्या शेंगांचे घोस लटकलेले दिसतात. तिला बी धरण्यासाठी दुसऱ्या झाडाची गरज पडत नाही, ती वर्षातून अनेकदा फुलते आणि कठीण कवचाचे बी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींची जी यादी केली, तिच्यात सुबाभूळ आहे.

त्याच यादीत आफ्रिकन ट्यूलिपही आहे. त्याला आपल्याकडे पिचकारी म्हणतात, कारण त्याच्या कळ्यांत पाणी साठते आणि मुले त्या दाबून एकमेकांवर पाणी उडवतात. हे मात्र केवळ शोभेसाठीच लावले जाणारे झाड आहे. त्याच्या पातळ पंखांच्या बिया वाऱ्यावर दूर जातात, मुळांनाही नवे धुमारे फुटतात, आणि हवाई, फिजी तसेच ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथे त्याने दमट रानांत शिरकाव केला आहे. आपल्याकडे त्याचा पसारा अद्याप तितका दिसत नाही, परंतु तेवढ्यावर निश्चिंत होऊन ते भिंतीला लागून जंगल असलेल्या आवारात लावणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वादळी पावसात फांद्या मोडतात.

तिसरे झाड गिरिपुष्प. त्याच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि विलायती बाभूळ (हिलाच वेडी बाभूळ म्हणतात) ही दोन्ही शोभेपेक्षा वनीकरणाच्या वाटेने आली, म्हणून येथे केवळ उल्लेख करतो. झुडपांत घाणेरीचे, म्हणजेच टणटणीचे, नाव घ्यायलाच हवे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात रंगीत फुलांसाठी आणलेले हे झुडूप आज देशातील बहुतेक जंगलांत माजले आहे. ज्याने ते पहिल्यांदा कुंडीत लावले, त्याच्या मनात वाईट काहीच नव्हते.

झाड आमच्या आवारात आहे. त्यात शेजाऱ्यांचा संबंध कुठे येतो?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो बहुतेकदा थोड्या रागाने विचारलेला असतो. कंपाऊंडची भिंत माणसांची आणि वाहनांची ये-जा अडवते. बी, मूळ, पराग, पाला आणि मोडणारी फांदी यांपैकी एकालाही ती अडवत नाही. आपण झाड लावतो तेव्हा त्याची सावली आपल्याला मिळते, परंतु त्याच्या पाल्याने तुंबणारी पन्हळ अनेकदा शेजारच्या इमारतीची असते, त्याच्या मुळांनी उचललेली फरशी पदपथावरची असते, आणि वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहरात ते कोसळले, तर खाली कोणाची दुचाकी उभी असेल हे सांगता येत नाही. आमच्याच आवारातील पिचकारीची एक फांदी एका जुलैमध्ये भिंतीपलीकडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडली होती. नुकसान किरकोळ होते, पण त्या दिवशी आमच्या समितीला कळले की भिंतीच्या त्या बाजूने ते झाड कसे दिसते, हे आपण कधी पाहिलेच नव्हते.

शेजारी म्हणजे फक्त शेजारची सोसायटी नव्हे. घोडबंदर मार्गावरील कित्येक संकुलांचा शेजारी सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ऐरोली, वाशी आणि नेरूळच्या खाडीकडील वसाहतींचा शेजारी ठाणे खाडी आहे. तिचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. माणूस असलेला शेजारी निदान तक्रार करायला येतो. डोंगरावरच्या कारवी या देशी झुडपाच्या जागेवर सुबाभूळ उगवली तर कारवी कोणाकडे जाणार? ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे एखाद्या वर्षी ती फुलली नाही याची दखल घ्यायलाही आपल्याला फार उशीर होतो.

उजाड डोंगरापेक्षा गिरिपुष्पाची हिरवाई बरी नव्हे का?

प्रश्न रास्त आहे. गिरिपुष्प मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. ते फांदी खोचली तरी जगते, हवेतील नत्र जमिनीत स्थिर करते आणि निकृष्ट मातीतही वाढते. कोकणातला शेतकरी ते बांधावर लावतो, दरवर्षी छाटतो आणि पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून घालतो. तेथे त्याच्यावर कोयत्याचा धाक असतो, म्हणून ते उपयोगी ठरते. शहराच्या डोंगरावर छाटणारा कोणीच नसतो. जानेवारी ते मार्चदरम्यान ते फुलते, मग शेंगा वाळून तडकतात आणि बिया चहूकडे फेकल्या जातात. मराठीत त्याचे दुसरे नाव उंदीरमारी, आणि गंमत म्हणजे त्याच्या मूळ देशातील स्पॅनिश नावाचा अर्थही नेमका हाच आहे, कारण त्याचे बी आणि साल उंदीर मारण्यासाठी वापरत असत. नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. मात्र बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

तेव्हा उत्तर असे, की पूर्णपणे उघड्या आणि माती वाहून जाणाऱ्या उतारावर गिरिपुष्प काहीच नसण्यापेक्षा बरे असू शकते. परंतु आपला डोंगर उजाड होता याचा अर्थ तेथे काही उगवत नव्हते असा नसतो. पावसाळ्यात जेथे गवत, तेरडा आणि रानहळद येते, त्या उताराला केवळ मे महिन्यात पाहून उजाड ठरवणे हा त्या जागेवर अन्याय आहे.

गिरिपुष्पाचा गुलाबी बहर पाहायला लोक येतात. हे सौंदर्य नष्ट करायचे का?

बहर सुंदर असतो, यात वाद नाही. गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी होतात तेव्हा समाजमाध्यमांवर त्याला जपानी साकुरा म्हणून मिरवले जाते. याच दिवसांत पळस आणि पांगारा पेटलेला असतो, काटेसावरीवर पक्ष्यांची जत्रा भरलेली असते, आणि त्यानंतर एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण फुलतात. ताम्हण तर महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, तरी ते ओळखता येणारे रहिवासी आमच्या सोसायटीत पहिल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

पूर्व द्रुतगती मार्गालगत विक्रोळीजवळ फुलणाऱ्या गुलाबी बसंत राणीविषयीही विचारणा होते. तीही परदेशी आहे, परंतु सुबाभळीच्या पंक्तीत तिला बसवण्यासारखे काही मला दिसलेले नाही. रस्त्याकडेची ती झाडे डोळे भरून पाहावीत. आपल्या आवारात नवे झाड लावताना मात्र आधी ताम्हणाचा विचार करावा.

फुलांवर मधमाश्या आणि पक्षी येतात. मग झाड निसर्गाला उपयोगीच म्हणायचे ना?

मध हा निसर्गाच्या जेवणातला एक पदार्थ आहे, संपूर्ण जेवण नव्हे. फुलपाखरू कोणत्याही फुलावर मध पिते, परंतु त्याची अळी ठरावीक झाडांचीच पाने खाते. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या नीलवंताच्या अळीला लिंबूवर्गीय झाडे लागतात. पिवळसर पांढऱ्या रंगाची काही फुलपाखरे बहाव्याच्या पानांवर वाढतात. आणि हरियाल हा आपला राज्यपक्षी वड, पिंपळ, उंबरांची फळे खातो. ही नाती फार जुन्या सहवासातून जुळलेली असतात आणि दूरदेशाहून आलेल्या झाडाला ती एकदम जोडता येत नाहीत. पिचकारीच्या बाबतीत तर मधाचाही भरवसा देता येत नाही, कारण ब्राझीलमध्ये तिच्या फुलांत डंख नसलेल्या मधमाश्या मेलेल्या आढळल्याची नोंद आहे.

देशी झाड लावले की शेजारधर्म पाळला गेला, असे समजावे का?

अजिबात नाही. सप्तपर्णीचे उदाहरण घ्या. झाड अस्सल देशी, देखणे, सदाहरित आणि कमी देखभालीचे; म्हणून रस्त्यांच्या कडेला आणि संकुलांत त्याच्या रांगाच्या रांगा लागल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते फुलते तेव्हा संध्याकाळनंतर त्याचा उग्र दर्प पसरतो. रानात एखादे झाड असताना जो वास मोहक वाटतो, तोच तळमजल्याच्या खिडकीबाहेर दहा झाडांचा मिळून असह्य होतो, आणि दमा किंवा डोकेदुखी असणाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. दोष झाडाचा नाही, ते एका ओळीत दहा लावणाऱ्याचा आहे. वड-पिंपळही असेच. मैदानात ते राजासारखे शोभतात, मात्र इमारतीपासून चार हातांवर लावले तर पाया आणि मलवाहिनी यांच्याशी त्यांचे जमत नाही.

कुंपणासाठी नर्सरीवाले कोनोकार्पस सुचवतात. लावावे का?

लावू नये. ते झपाट्याने वाढते, बारमाही हिरवे राहते, पाणी कमी मागते आणि हवा तसा आकार देता येतो, त्यामुळे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ते सोयीचे वाटते. परंतु त्याची मुळे पाण्याच्या वाहिन्या, गटारे आणि जमिनीखालील केबल यांना बाधा आणतात, तसेच परागांमुळे श्वसनाचे त्रास होतात, या कारणांवरून गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीला मनाई केली. कुंपणासाठी अडुळसा, निर्गुडी किंवा मेंदी पुरेशी आहे. ती महिन्याभरात डोक्याइतकी होणार नाही, एवढी कबुली आधीच दिलेली बरी.

आमच्याकडे जुना गुलमोहर आहे. तो काढावा का?

काढू नये. मादागास्करचा हा पाहुणा आपल्याकडे रानात पसरून उपद्रव करताना सहसा दिसत नाही. मुळे उथळ असल्याने पावसाळ्यापूर्वी परवानगी घेऊन तोल साधणारी छाटणी करावी, बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवावी आणि त्याला शांतपणे म्हातारे होऊ द्यावे. पर्जन्यवृक्षालाही हेच लागू.

झाड आक्रमक असल्याचे सिद्ध झाले, तर ते थेट तोडता येते का?

येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत लागू आहे. झाड तोडण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड कोणाच्या जागेत आहे किंवा कोणत्या देशातून आले आहे, यामुळे त्यात सूट मिळत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आणले. बुंध्यात रसायन ओतून किंवा मुळाशी सिमेंट घालून झाड ‘आपोआप’ वाळवण्याचे प्रकार घडतात. तोही झाड मारण्याचाच गुन्हा आहे. कायद्यातील झाडाची व्याख्या व्यापक असल्यामुळे आपोआप उगवलेली सुबाभळीची रोपे मोठ्या संख्येने उपटण्यापूर्वीही उद्यान विभागाला लेखी कळवणे इष्ट. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर वनविभागाने बोलावल्याशिवाय एका पानालाही हात लावू नये, हेतू कितीही चांगला असो.

शेजारच्या झाडाची फांदी आमच्या गच्चीवर आली आहे. ती आम्ही छाटली तर?

आधी झाडाच्या मालकाशी बोलावे, मग दोघांनी मिळून महापालिकेकडे छाटणीचा अर्ज करावा. धोका तातडीचा असेल तर अग्निशमन दलाला कळवावे.

अशी झाडे लावणाऱ्यावर कायद्याने काही बंधन आहे का?

बंधनाची दिशा ठरली आहे. जैवविविधता करारात सहभागी देश म्हणून परिसंस्थांना धोका ठरणाऱ्या परक्या जातींना रोखणे भारताने मान्य केले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर नियंत्रण घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. मात्र सोसायटीच्या बागेत काय लावले हे पाहायला सरकारी निरीक्षक येईल, अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. येथे निर्णय खरेदीच्या बिलावर सही करणाऱ्याचा असतो, आणि बहुतेक सोसायट्यांत तो दहा मिनिटांत, नर्सरीवाल्याच्या शब्दावर घेतला जातो.

सुबाभूळ काढायची परवानगी मिळाली. मग ती नेमकी कशी काढावी?

नुसती कापली तर बुंध्याला पूर्वीपेक्षा दाट फुटवे येतात, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. कापल्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे मोडत राहावे लागतात, किंवा शक्य असेल तेथे बुंधा मुळांसकट खणून काढावा लागतो. लहान रोपे जून-जुलैमध्ये उपटावीत, कारण माती भिजलेली असताना सोटमूळ तुटत नाही. हेच काम डिसेंबरमध्ये केले तर वरचा शेंडा हातात येतो आणि मूळ जमिनीत राहते. सगळी झाडे एका हंगामात काढू नयेत. उघड्या पडलेल्या जमिनीवर मातीतले जुने बी एकदम उगवते, शिवाय उतारावरची माती वाहून जाते. एक पट्टा मोकळा करावा, त्यात देशी रोपे लावावीत, ती दोन पावसाळे तगली की पुढचा पट्टा घ्यावा. झाड काढण्याची परवानगी येईपर्यंतच्या काळात निदान हिरव्या शेंगा पिकण्याआधी तोडून घ्याव्यात; पसारा थांबवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि त्याला सभेचा ठरावही लागत नाही.

मग लावावे तरी काय?

जागा पाहून ठरवावे. खाडीकडील भरावाच्या, खारट आणि वाऱ्याच्या जमिनीत करंज, भेंड आणि उंडी तग धरतात. येऊर, पारसिक किंवा खारघरच्या डोंगरालगत जागा मोकळी असेल तर बहावा, पळस, शिवण, कुंभा आणि काटेसावर शोभतात. काटेसावर मात्र मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी. दोन इमारतींमधल्या अरुंद पट्ट्यात बकुळ, सीता अशोक आणि पारिजातक चालतात. बकुळ फार सावकाश वाढते, त्यामुळे लावणाऱ्याला पुढच्या समितीच्या वतीनेही संयम बाळगावा लागतो. खाली पार्किंग असलेल्या पोडियमवर मातीचा थर जेमतेम असतो. तेथे वृक्ष लावूच नयेत, कढीपत्ता, लिंबू, अडुळसा यांवर समाधान मानावे. रोप घेताना केवळ ‘अशोक’ असे सांगितले तर उंच, सरळसोट हिरवा अशोक हाती येतो, म्हणून ‘सीता अशोक’ असे पूर्ण नाव घ्यावे.

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात फुकट मिळालेली रोपे नाकारणे बरे दिसते का?

रोपाचे नाव विचारणे हा उद्धटपणा नव्हे. नाव सांगता येत नसेल तर रोप कुंडीत ठेवून ओळख पटेपर्यंत थांबावे. आम्ही एका वर्षी आभाराच्या पत्रातच पुढच्या वेळी कोणती रोपे हवीत याची यादी जोडली होती, आणि देणाऱ्यांनी ती आनंदाने मान्य केली.

शेजारच्या सोसायटीत सुबाभूळ आहे आणि तिचे बी आमच्याकडे येते. कसे बोलावे?

नोटिशीने सुरुवात करू नये. शेंगा वाळण्यापूर्वी, साधारण थंडीच्या अखेरीस, त्यांच्या सचिवांना आणि माळीकाकांना भिंतीच्या आपल्या बाजूला बोलावून उगवलेली रोपे दाखवावीत. आमच्या बाबतीत आम्हीच दोषी बाजूला होतो, त्यामुळे मला दोन्ही बाजू ठाऊक आहेत. शेजारचे सचिव तक्रारअर्जाऐवजी उपटलेल्या रोपांनी भरलेले घमेले घेऊन आले होते. त्यानंतर शेंगा काढण्याचे काम दोन्ही सोसायट्यांच्या माळ्यांनी एकाच आठवड्यात करायचे ठरले, आणि मजुरी आम्ही दिली.

काढलेल्या शेंगा सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकल्या तर चालतील का?

नाही. घरगुती खतखड्डा इतका तापत नाही की सुबाभळीच्या बियांचे कठीण कवच निकामी व्हावे. तेच खत पुढे कुंड्यांत जाते आणि बी परत बागेत येते. पाने आणि कोवळ्या फांद्या खतात घालाव्यात, त्यांत नत्र भरपूर असते. हिरव्या शेंगा बी धरण्याआधी तोडल्या असतील तर त्याही चालतील. वाळलेल्या शेंगा मात्र जाड पिशवीत बंद करून वेगळ्या ठेवाव्यात आणि बागेचा कचरा उचलणाऱ्या महापालिकेच्या गाडीत, पिशवीवर आत काय आहे ते लिहून, द्याव्यात.